दाजींची जीप आणि केळदचा सोडा

पुण्यात माणूस जीप घेतो ती सह्याद्रीसाठी, आणि चढवतो ती सोसायटीच्या रॅम्पवर. आमच्या दाजींच्या जीपला खोल पाण्यात इंजिनाला हवा मिळावी म्हणून टपापर्यंत नेलेलं नळकांडं आहे. पुढे विंच आहे, डोक्यावर लाइटबार आहे आणि गाडी किती अंशांनी कलली ते सांगणारं यंत्रही आहे. त्या यंत्राने आजवर नोंदवलेला सगळ्यात मोठा आकडा बेसमेंटमधल्या पार्किंगचा आहे. सोमवार ते शनिवार गाडी कव्हर घालून झोपते. तिचा अलार्म आणि तो चिमुकला डॅशकॅमेरा मात्र झोपत नाहीत. ते दोघे रात्रंदिवस बॅटरीला थेंबाथेंबाने पीत असतात.

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही मढे घाटाला निघालो. नसरापूर फाट्याला वळलो, वेल्ह्यात तोरण्याकडे मान वर करून पाहिलं (ढगात होता, नुसता नमस्कार केला) आणि पासलीवरून केळदला पोचलो. वाटेत दाजींनी विंचचं माहात्म्य सांगितलं. पूर्ण ताकदीने ओढताना ती चारेकशे अँपिअर घेते म्हणे. ‘एवढी वीज येते कुठून?’ असं ताईने विचारल्यावर ‘इंजिनातून’ असं उत्तर आलं. खरं तर अशा गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेतला डायनामो, शंभराच्या आसपास दमतो. उरलेलं सगळं बॅटरीच्या खिशातून जातं. पण दाजींना चढणीवर टोकायचं नसतं.

धबधबा पाहिला, भिजलो आणि टपरीवर कांदाभजी सांगितली. भजी येईपर्यंत इंजिन बंद, लाइटबार चालू आणि डिकीतला स्पीकर असा काही चालू, की समोरची म्हैस जागा बदलून बसली. दुसरी प्लेट संपल्यावर दाजींनी ऐटीत सेल्फ मारला. कट्. परत मारला. कट् कट् कट्. मग तेही थांबलं.

धक्का मारला. दाजी आत, आम्ही मागे. त्यांनी क्लच सोडला की चाकं फिरायच्या ऐवजी चिखलात घसरायची आणि आम्ही त्याच चिखलात तोंडावर पडायचो. ‘अजून जोर लावा!’ असा आतून कोरडा आवाज.

तेवढ्यात दुधाची पिकअप आली. ड्रायव्हर उतरला, चिखलातल्या आम्हाला बघून हसला नाही, हे त्याचे उपकार. ‘सायेब, बानट उघडा.’ दाजींना दांडी सापडायलाच वेळ लागला. बॉनेट याआधी उघडलं होतं ते डिलिव्हरीच्या पूजेला. बॅटरीवर हळदकुंकवाचे वाळलेले ठिपके होते. आजवर तिची झालेली देखभाल एवढीच. आणि दोन्ही टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी अशी फुललेली, की केबल कुठे संपते ते दिसेना.

‘वीज जायची कुठून? आन् यायची कुठून?’ ड्रायव्हरने विचारलं. त्याने दहा नंबरचा पाना मागितला. दाजींकडे साखळदंड, फावडं, कुऱ्हाड, होकायंत्र, सगळं निघालं. दहा नंबरचा पाना पिकअपमध्ये निघाला.

त्याने आधी मायनस सोडवला. प्लस आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणग्यांची दिवाळी होते. सहाही टोपणं घट्ट आहेत का ते पाहिलं, कारण सोडा आत गेला तर ॲसिडच मरतं. मग भजीवाल्याकडून चमचाभर खायचा सोडा आणि चहाचं गरम पाणी घेऊन टर्मिनलवर ओतलं. फस्स करून फेस आला, भुकटी वाहून गेली आणि खालचं शिसं चमकलं. पुसून कोरडं केलं. प्लस आधी, मायनस शेवटी असं जोडून वरून ताईच्या पर्समधलं व्हॅसलिन चोपडलं. डबी महागातली होती. ताई काही बोलली नाही, पण दाजींना ऐकू गेलं.

आता ड्रायव्हरने एकेक टोपण उघडलं. आत बघायला एकाने लायटर पेटवला, तेव्हा तो शांत माणूस पहिल्यांदा ओरडला. बॅटरीतून हायड्रोजन निघतो. दोन खणांत पाणी पट्ट्यांच्या खाली गेलेलं होतं. ‘एवढा शुद्ध धबधबा आहे, बाटली भरून आणू?’ दाजी म्हणाले. धबधब्यातले क्षार बॅटरीला चालत नाहीत. तिला डिस्टिल वॉटरच लागतं, आणि पिकअपवाल्याकडे तेही होतं. त्याने पट्ट्या बुडतील एवढंच घातलं.

मग जंपर केबल. लाल प्लसवरून प्लसला. काळ्याचं एक टोक पिकअपच्या मायनसला, दुसरं जीपच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, म्हणजे ठिणगी गॅसजवळ पडत नाही. जीप चालू झाली. दाजींनी लगेच लाइटबार लावला. ताईने तो बंद केला.

बॅटरी डोंगरात मरत नाही, पार्किंगमध्ये मरते. डोंगरात फक्त कळतं. तेव्हा आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास चांगली पळवा. जागेवर दोन मिनिटं चालू करून बंद केलीत तर सेल्फला लागलेली वीजसुद्धा भरून निघत नाही. मीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीवर लावून पाहा. 12.6 व्होल्ट दिसले तर खुशाल निघा, 12.2 दिसले तर बॅटरी निम्म्यावर आली आहे, आधी चार्ज करा. आणि महिनाभर गाडी काढायचीच नसेल तर मायनसची केबल सोडवून ठेवा. पाना बहुधा दहा नंबरचाच लागतो.