समुद्र तुझा, कडा माझा

माझा नवरा समुद्रकिनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून बसतो. पाण्यात एखादा किल्ला असेल तरच तोंड फिरवतो, त्यामुळे मुरूडला आणि हर्णैला आमचे जोडीनं फोटो चांगले आलेत. बाकी गणपतीपुळे असो की तारकर्ली, मी लाटांकडे बघत असते आणि हा मागच्या डोंगराकडे. "ती सोंड दिसतेय ना, तिच्यावरून धारेवर जाता येईल," असं तो शहाळं पिता पिता म्हणतो. अशा वेळी उत्तर द्यायचं नसतं. नुसतं "हं" म्हटलं तरी तो चपला बदलायला उठतो.

म्हणून लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी अट घातली: परदेश, समुद्र, वाळू आणि एकही किल्ला नाही. तो लगेच "चालेल" म्हणाला. शिवाय रायलेचं नावही त्यानंच सुचवलं. थायलंडच्या क्राबी प्रांतातली ही जागा, फोटोत हिरवं पाणी, पांढरी वाळू, नारळ. इथे कुठल्याही बायकोला संशय येईल. मलाही आला. पण विमानाची तिकिटं स्वस्त मिळत होती, आणि स्वस्त तिकिटासमोर संशय फार वेळ टिकत नाही.

रायलेची गंमत अशी की ते बेट नाही, पण वागतं बेटासारखं. नकाशात ते मुख्य भूमीला चिकटलेलं आहे. मधे मात्र चुनखडीचे उभे कडे असे काही आडवे आलेत की रस्ताच नाही. आओ नांगच्या किनाऱ्यावरून होडीनं जायचं. या होडीला लाँगटेल म्हणतात, कारण तिच्या मागे मोटारीचं जुनं इंजिन बसवलेलं असतं, त्यातून एक लांबलचक दांडा निघतो आणि दांड्याच्या टोकाला पंखा. नावाडी तो सगळा संसार हातानं उचलून वळवतो. पुढच्या उंच नाळेला रंगीत फडकी आणि फुलांचे हार. ती होडीची रक्षण करणारी देवी, मे या नांग, तिच्यासाठी. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. होडीला हार घातलेला दिसला की मला परदेशात आल्यासारखं वाटेनासं होतं. त्यात नावाड्यानं पुरेशी माणसं भरेपर्यंत होडी सोडायला नकार दिला, तेव्हा तर मी अगदी निवांत झाले.

आम्ही उतरलो तिथे धक्का नव्हता. होडी थांबते तिथे गुडघाभर पाण्यात उतरायचं आणि बॅग डोक्यावर घेऊन चालायचं. मी तशी चालत असताना नवरा पुढे निघून गेला होता, मान वर करून. पाण्यातून थेट वर गेलेले दोन-दोनशे मीटरचे कडे, त्यांना लोंबणारे चुनखडीचे झुंबरासारखे सुळके, आणि त्या सुळक्यांच्या मधे माणसं. दोराला बांधलेली, रंगीत कपड्यांतली, उघड उघड सुट्टीवर आलेली माणसं.

"अगं, हे काय!" तो म्हणाला. आवाजात आश्चर्य इतकं नीट बसवलेलं होतं की ते घरून आणलंय हे मला लगेच कळलं.

रात्री त्याच्या सॅकमधून प्रस्तरारोहणाचे बूट निघाले. चौकशी केली, तर "असावेत जवळ" असं उत्तर मिळालं. मग त्यानं मला माहिती दिली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस परदेशी गिर्यारोहक इथे येऊ लागले, आता या परिसरात चढाईचे सातशेहून अधिक मार्ग आहेत. समुद्राच्या खाऱ्या हवेनं आणि या खडकामुळे स्टेनलेस स्टीलचे बोल्टसुद्धा आतून तडकतात, म्हणून कड्यांवर आता टायटॅनियमचे बोल्ट ठोकलेत. हाडं मोडल्यावर पायात घालतात तेच टायटॅनियम. म्हणजे आधी ते खडकात असतं, आणि नीट धरलं नाही तर आपल्यात येतं. हे शेवटचं वाक्य माझं.

पहिला दिवस त्यानं मला दिला, हे मात्र मान्य करायला हवं. प्रा नांगच्या किनाऱ्यावर गेलो. इतका देखणा किनारा मी आजवर पाहिलेला नाही, आणि हे मी वेंगुर्ल्याची असून लिहितेय. किनाऱ्याच्या टोकाला एक गुहा आहे. तिथे एक समुद्रदेवी वसते. एका कथेप्रमाणे ती भारतातून निघालेली राजकन्या, तिचं जहाज इथे बुडालं. मासे भरपूर मिळावेत म्हणून कोळी तिला लिंगं वाहतात. लाकडाची, सगळ्या आकारांची, काही पुरुषभर उंचीची, लाल-गुलाबी रंगवलेली. शंकराच्या पिंडीत जसा शिष्टपणा असतो तो इथे औषधालाही नाही. नेमका त्याच वेळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. नवऱ्यानं गडबडीत कॅमेरा फिरवला.

"काय रे ते मागे?" त्या म्हणाल्या.

"देऊळ आहे, आई."

सासूबाईंनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग हात जोडले आणि म्हणाल्या, "नमस्कार करा दोघांनी. आणि त्याला म्हणावं, पंचवीस वर्षांपूर्वी न्यायचं होतंस." त्या दिवशी नवरा जेवणापर्यंत बोलला नाही.

जेवणाचंही सांगते. सोम तम म्हणजे कच्च्या पपईचा कीस, शेंगदाणे, लिंबू आणि मिरच्या खलबत्त्यात कुटून केलेला प्रकार. परदेशी माणूस दिसला की वाढणारी बाई विचारते, तिखट चालेल का? "माय फेत" म्हटलं की ती तिखट घालत नाही. नवरा मूळचा साताऱ्याचा. त्यानं ते दोन शब्द उच्चारणं हा इतिहासाशी द्रोह ठरला असता. त्यानं हातानंच 'घाला, घाला' केलं. पहिल्या घासाला त्याचे कान लाल झाले, दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी आलं, तिसऱ्याला तो म्हणाला, "समुद्राची हवा झोंबते डोळ्यांना." आम्ही बसलो होतो तिथून समुद्र दिसतही नव्हता.

दुसऱ्या दिवशी कडा. चढाई शिकवणाऱ्यांच्या टपरीवर एक फॉर्म भरायचा होता: नाव, वय, आजार, वजन. नवऱ्यानं वजनाच्या रकान्यात लग्नातलं वजन लिहिलं. तसं ते खोटं नव्हतं, जुनं होतं. शिकवणारा मुलगा आमच्या लेकापेक्षाही लहान, मागे केसांची गाठ, चेहऱ्यावर कमालीची शांती. त्यानं दोन्ही फॉर्म वाचले, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा कागदाकडे, आणि थाई लोकांच्या सभ्यपणाला जागून काही बोलला नाही.

पद्धत अशी: दोर वर खडकातल्या कडीतून ओवलेला. एक टोक चढणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला, आठाच्या आकाराची गाठ मारून. दुसरं टोक खाली उभ्या असलेल्या माणसाच्या पट्ट्यावरच्या यंत्रातून. वरचा चढेल तसा खालच्यानं दोर ओढून घ्यायचा, वरचा घसरला तर दोर घट्ट धरायचा. याला बिले देणं म्हणतात. बिले देणाऱ्यानं हात सोडायचा नसतो, मोबाइल बघायचा नसतो, कुठे जायचं नसतं आणि नजर सारखी जोडीदारावर ठेवायची असते. लग्न लावताना भटजींनीही आमच्याकडून इतकं कबूल करून घेतलं नव्हतं.

हाका इंग्रजीत ठरलेल्या असतात, पण संकटात इंग्रजी सुचत नाही. आम्ही आमच्या ठेवल्या: "खेच" आणि "ढील". पतंगावर वाढलेल्या माणसाला एवढं पुरतं.

नवरा चढू लागला आणि बोलू लागला. सह्याद्रीचा बेसॉल्ट कसा, इथली चुनखडी कशी. तिथे पायावर विश्वास टाकायचा, इथे भोकांत बोटं घालायची. तैलबैलाची भिंत, लिंगाणा, डोंबिवलीचा कुणी मित्र जो नागफणीवर सरसर चढायचा. "ढील दे, ढील! किती आवळून धरतेस!" मी ढील दिली. मागितली तेवढी दिली. शेजारच्या दोरावरचं जर्मन जोडपं थांबून ऐकत होतं. त्यांना वाटलं हा मंत्र म्हणतोय.

दोन माणसं उंच गेल्यावर एक फुगीर खडक आला. त्यानं त्यावर साताऱ्याच्या बाण्यानं हात टाकला. हात निघाला.

पुढचं पदार्थविज्ञान आहे. दोराच्या एका टोकाला नव्वदीकडे झुकलेला माणूस, दुसऱ्या टोकाला पन्नास किलोची बाई, आणि मधे कडी. तो खाली आला तशी मी वर गेले. पाय जमिनीवरून सुटले, गुडघा खडकाला घासला, पण हात सोडला नाही, हे माझ्या बाजूनं नमूद करते. अर्ध्यावर आमची गाठ पडली. समोरासमोर, एकाच उंचीवर, हवेत. इतक्या जवळून आम्ही एकमेकांकडे बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याचा चेहरा आश्चर्यानं भरलेला होता, आणि या वेळी ते घरून आणलेलं नव्हतं.

"तू इथे काय करतेस?" त्यानं विचारलं.

शिकवणाऱ्या मुलानं आम्हांला अलगद खाली घेतलं. मग नवऱ्याच्या जवळ जाऊन, इतर कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, वजन पुन्हा विचारलं. नवऱ्यानं तितक्याच हळू सांगितलं. मुलानं मान हलवली, एक जाड पट्टा आणला आणि मला कमरेपासून मागच्या झाडाच्या मुळाशी बांधून टाकलं. जर्मन बाईनं टाळ्या वाजवल्या. उरलेली सकाळ मी त्या झाडाला बांधलेली होते आणि नवरा वर लोंबत होता. समुद्र माझ्या पाठीमागे होता.

एक दिवस फी फी बेटांवर जाऊन आलो, तेही सांगायला हवं, कारण तिथे चढायला वेळच देत नाहीत. माया बे नावाची खाडी 2000 सालच्या 'द बीच' या चित्रपटामुळे इतकी गाजली की पायदळी तुडवून लोकांनी तिथली प्रवाळं संपवत आणली. शेवटी 2018 मध्ये सरकारनं ती बंद केली. 2022 च्या सुरुवातीला उघडली ती शिस्तीसकट. पाण्यात पोहायचं नाही, गुडघ्याच्या पुढे गेलं की रक्षक शिट्टी मारतो. माणसं गेल्यावर काळ्या टोकाच्या परांचे छोटे शार्क परत आलेत म्हणतात. म्हणजे आम्ही इतक्या लांब समुद्रात डुंबायला गेलो आणि डुंबण्याची परवानगी फक्त शार्कना. नवऱ्याला ही जागा फार आवडली. तिन्ही बाजूंना कडे होते.

परतीच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "आता तू चढ."

मी नाही म्हणणार होते. पण मागून त्यानं "जमेल तुला, मी सांगतो तसं कर" असं जोडलं, आणि ज्या आवाजात तो मला गाडी मागे घ्यायला शिकवतो तोच आवाज लावला. मी बूट घातले.

"डावा पाय. डावा! अगं, तो उजवा. तिथे नाही, वर. त्याच्या बाजूला."

पाच-सहा मीटर गेल्यावर एक चमत्कार झाला. त्याचा आवाज बारीक झाला. अजून वर गेले तर शब्द कळेनात, नुसता सूर. खडक हाताला खरखरीत आणि गार होता, जागोजागी भोकं, बोटं आपोआप आत जात होती. लहानपणी वाडीत माडाला पाय लावून चढायचो, त्यापेक्षा कितीतरी सोपं. वरच्या कडीशी पोहोचले, शिकवल्याप्रमाणे दोरावर मागे रेलून बसले आणि मान वळवली.

खाली खारफुटी, तिच्यापुढे ओहोटीनं उघडा पडलेला चिखल, त्यापुढे उथळ पाणी, आणि लांबवर समुद्रात उभे असलेले सुळके. मी अख्ख्या सुट्टीत समुद्राकडे इतक्या निवांतपणे बघितलं नव्हतं. कुणी चहा मागत नव्हतं, धारेबद्दल बोलत नव्हतं. बसायला पट्टा होता, पाठीला वारा होता आणि खाली दोर धरलेला एक माणूस होता, ज्याला नियमानुसार हात सोडता येणार नव्हता, मोबाइल बघता येणार नव्हता आणि नजर माझ्यावरून हलवता येणार नव्हती.

"उतरवू का?" त्यानं तोंडाशी एक हात धरून ओरडून विचारलं.

"थांब जरा!"

"किती?"

मी बोटं दाखवली. ती मिनिटं की तास, हे इतक्या उंचीवरून सांगता येत नाही. शिकवणारा मुलगा टपरीच्या सावलीत चटई टाकून आडवा झाला. जर्मन जोडपं जेवून परत आलं. खालून मराठीत बरंच काही ऐकू येत होतं. वाऱ्यामुळे त्यातला एकही शब्द कळला नाही, असं मी त्याला नंतर सांगितलं.