बीटमास्तर

साखरशेतला किंवा जव्हार-मोखाड्याच्या कुठल्याही पाड्यावर बीटमास्तर शोधायचा असेल, तर वाजणाऱ्या स्पीकरच्या दिशेने जाऊ नये. तिथे दुसराच कोणीतरी असतो. बीटमास्तर रेंजच्या दिशेला असतो. उंचवट्यावर, एक पाय दगडावर, मोबाईल आभाळाकडे. कुठलंतरी सॉफ्टवेअर अर्ध्याहून जास्त उतरलेलं असतं, उरलेलं उद्या. पावसाळ्यात लाईट गेली की परवा.

वय वीस-बावीस. हेडफोन कायम गळ्यात, कानावर क्वचित. नावाआधी ‘डीजे’, नावानंतर ‘इन द मिक्स’, आणि ते नाव यंत्रासारख्या आवाजात पुकारणारी बाई त्याने आधीच रेकॉर्ड करून ठेवलेली. पुकारा तयार आहे, गाणं व्हायचंय.

गाणं तारप्याचं, म्हणजे पाड्यावरच्या फुंकवाद्याचं. नाशिक ढोल, बेंजो, ऑक्टापॅड हे सगळ्यांनी करून झालंय. आपण आपल्या तारप्याचं सॅम्पलिंग करायचं, असं त्याने ठरवलंय. विचार चांगला आहे, यात थट्टा नाही. आवाज उचलायचा, त्याचे तुकडे करायचे, तुकडे बटणांवर बसवायचे आणि बटणं दाबून नवीन चाल उभी करायची. १९८८ साली रॉजर लिन यांच्या आराखड्यावर जपानच्या आकाई कंपनीने एमपीसी ६० हे सॅम्पलिंगचं यंत्र काढलं, तेव्हा त्यात मुळात जेमतेम १३ सेकंदांचा आवाज मावायचा. तेवढ्यात लोकांनी गाणी केली. बीटमास्तरच्या सेकंडहँड लॅपटॉपमध्ये अख्ख्या बोहाड्याच्या उत्सवाचा संबळ मावेल, पण त्याचं म्हणणं एकच, “आधी सॉफ्टवेअर फिक्स होऊ द्या.”

“एफएल घेऊ की एबलटन?” हा प्रश्न त्याने कोणाला विचारलेला नाही? बेंजोवाल्याला विचारून झाला, एसटीच्या कंडक्टरला झाला, गणिताच्या सरांना झाला. सरांनी दोन्हींचा लसावि काढायला सांगितला म्हणतात. माहिती मात्र तोंडपाठ. एफएल स्टुडिओ बेल्जियमचं, १९९७ साली फ्रुटीलूप्स नावाने आलं. एबलटन बर्लिनचं, २००१ सालचं. सोल्जा बॉय नावाच्या अमेरिकन पोराने २००७ साली एफएलवरच गाणं करून जग हलवलं, हे तो अशा थाटात सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, सोल्जा बॉय विक्रमगडचा.

एकदा एफएलची चाचणी आवृत्ती उतरलीही. तिचा नियम सरळ आहे: काम साठवता येतं, पण विकत घेईपर्यंत साठवलेलं काम पुन्हा उघडत नाही. म्हणजे लग्नाच्या मुहूर्तासारखं, बसलात तर उरकूनच उठा. बीटमास्तर जेवायला उठला. मग कळलं की त्या वेळच्या सगळ्यात स्वस्त आवृत्तीत रेकॉर्ड केलेल्या आवाजाची पट्टी गाण्यात मांडताच येत नव्हती, त्यासाठी वरची आवृत्ती लागायची. झालं, महिनाभर त्याचा शोक.

रीपर नावाचं तिसरं सॉफ्टवेअर ६० दिवस फुकट वापरता येतं आणि नंतरही फक्त आठवण करून देत उघडतं. त्यावर त्याचा विश्वास नाही. एवढ्या सोज्वळपणे पैसे मागणारा माणूस त्याने कधी पाहिलेला नाही. ऑडॅसिटी पूर्ण फुकट, पण ते शाळेच्या कम्प्युटरवर आहे, म्हणून बाद. गॅरेजबँड फक्त अ‍ॅपलच्या यंत्रांवर चालतं, त्याच्याकडे अ‍ॅपलचं काही नाही. त्यामुळे गॅरेजबँडबद्दल त्याला नितांत आदर आहे.

शेवटी भात हातात यायला लागलं, पाड्यावर तारपे निघाले, आणि पोरांनी त्याला ढकलतच तारपा वाजवणाऱ्या बाबांसमोर बसवलं. तारपा म्हणजे वाळवलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. जव्हार तालुक्यातल्याच वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या धिंडा तारपा स्वतः बनवतातही. नाच चालू असताना वाजवणारा श्वासासाठी थांबत नाही. गालात हवा धरून नाकाने श्वास ओढतो आणि सूर चालूच.

बीटमास्तरने ते रेकॉर्ड केलं आणि इथेच त्याची पंचाईत झाली. आवाजाचे आपोआप तुकडे पाडणारं सॉफ्टवेअर ठोका शोधतं. ढोल दिला की फटाफट फोडी पडतात. तारप्याला ठोकाच नाही आणि फटही नाही. सॉफ्टवेअर अख्ख्या दहा मिनिटांचा एकच तुकडा काढून गप्प बसलं. बीटमास्तर बाबांकडे गेला.

“बाबा, जरा थांबत थांबत वाजवा ना.”

“थांबलो तर नाचणारे काय करतील?”

“नाचणारे नकोत बाबा, नुसतं रेकॉर्डिंग आहे.”

“मग वाजवू कशाला?”

यावर एफएल, एबलटन, रीपर, कोणाच्याच मदतपानावर उत्तर नाही. त्यातून तारप्याचा सूर पेटीच्या पट्टीला बांधलेला नसतो, म्हणून त्यावर कीबोर्ड लावला की दोघंही एकमेकांवर रुसल्यासारखे वाजतात. तुकडे कानाने ऐकून हातानेच पाडायचे आणि कीबोर्डचा सूर तारप्याजवळ न्यायचा, एवढाच मार्ग. आणि हे सगळं त्या बाद केलेल्या ऑडॅसिटीत आणि रीपरमध्ये होतं.

बीटमास्तर सध्या एबलटनच्या पुढच्या आवृत्तीची वाट पाहतोय.

तुमच्या पाड्यावरचा, गल्लीतला बीटमास्तर विचारायला आला तर त्याला एवढंच सांगा: जे उतरलंय त्यात कर. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये ठेव, एमपीथ्रीत नको. आणि वाजवणाऱ्याला विचारून घे, त्याची बिदागी आधी दे, गाण्यावर त्याचं नाव लाव.