शंभर टक्के

विद्यार्थी : सर, निष्कर्ष तयार! आमच्या तालुक्यात शंभर टक्के लोक स्मार्टफोन वापरतात.

गाईड : डेटा गोळा कसा केलास?

विद्यार्थी : गूगल फॉर्म. लिंक व्हॉट्सॲपवर टाकली.

गाईड : आणि ज्यांच्याकडे फोनच नाही ते?

विद्यार्थी : त्यांचा प्रतिसाद आला नाही. लोक फार उदासीन आहेत, सर.

गाईड : अरे, विगमन म्हणजे एकेक उदाहरण बघत नियमापर्यंत जायचं. तू आधी चाळण लावलीस आणि मग धान्य मोजलंस!

विद्यार्थी : पण उलटं उत्तर एकही नाही!

गाईड : युरोपातही हंस पांढराच, याला उलटं उत्तर नव्हतं. १६९७ साली विलेम द व्लामिंग नावाचा डच दर्यावर्दी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याला लागला. तिथल्या नदीत काळे हंस आरामात पोहत होते. शेकडो वर्षांचा नियम गेला वाहून.

विद्यार्थी : मग ‘विगमन बिनभरवशाचं’ असं लिहू?

गाईड : लिही, आणि प्रयोगशाळांना कुलपं लाव! तत्त्वज्ञ ह्यूमनं १७४८ सालीच विचारलं होतं, आजवर सूर्य उगवला म्हणून उद्याही उगवेल कशावरून? तर्कानं ते सिद्ध होत नाही. तरी आपण रात्री गजर लावतोच ना? निष्कर्ष काढायचा, पण दार किलकिलं ठेवून. आणि तुझा नियम मोडेल अशाच माणसाकडे आधी जायचं. पोस्टात पेन्शन घ्यायला येणाऱ्या आज्यांना विचार.

विद्यार्थी : त्यांना लिंक कशी पाठवू?

गाईड : चालत जा!

विद्यार्थी : मुलाखतीही घेतल्यात, सर. ग्लेसर आणि स्ट्रॉस यांची १९६७ची ग्राउंडेड थिअरी. नवं काही मिळेनासं झालं की थांबायचं. मी तिसरीलाच थांबलो.

गाईड : तिघं कोण?

विद्यार्थी : दादा, वहिनी आणि वहिनींचा भाऊ.

गाईड : एका घरात नवं मिळणार तरी काय? नीघ आता.

विद्यार्थी : फेलोशिपच्या फॉर्मवर सही तेवढी...

गाईड : पुढच्या आठवड्यात नक्की.

विद्यार्थी : (वहीत लिहीत) ‘पुढच्या आठवड्यात नक्की.’

गाईड : हे काय लिहितोस?

विद्यार्थी : डेटा, सर. प्रत्येक भेटीची नोंद आहे, तारखेसकट. उलटं उदाहरण अजून एकही नाही. आता नियम मांडू, की दार किलकिलं ठेवू?

गाईड : पेन आण इकडे!