कसर, जंग आणि लाँग प्ले

पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, असं मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने बजावलं आहे आणि कारणंही दिली आहेत : कसर, जंग आणि चोर. लाँग प्ले रेकॉर्डला यातलं काहीच लागू होत नाही, असं माझं मत आहे. विनाइलला कसर लागत नाही, जंग चढत नाही. आणि १९७८ सालच्या अमेरिकन ख्रिस्ती गाण्यांच्या तबकड्या पळवणारा चोर अजून जन्माला यायचा आहे. हे मी पुराव्यानिशी सांगतो. आमच्याकडे एकदा चोरी झाली. चोराने मिक्सर नेला, इस्त्री नेली, शिलाई मशीनची मोटरसुद्धा सोडवून नेली. रेकॉर्डचं कपाट त्याने उघडलं, दोन-चार कव्हरं उचलून पाहिली आणि दार पुन्हा लावून घेतलं. कडीसकट.

“बघा,” बायको म्हणाली, “त्यालाही पारख आहे.”

ती पाळकांची मुलगी. वचनावरून तिच्याशी वाद घालायचा नसतो, हे मी लग्नानंतर लवकरच शिकलो. तरी विनाइलला कसर लागत नाही हा मुद्दा मी लावून धरला. तिने काही न बोलता रँडी स्टोनहिलची १९७६ची रेकॉर्ड काढली आणि कव्हर माझ्यासमोर टेबलावर झटकलं. आतून एक लांबलचक, चंदेरी, तब्येतीने उत्तम कसर बाहेर पडली आणि सावकाश चालत टेबलाच्या कडेला गेली. रेकॉर्डचं नाव ‘वेलकम टू पॅराडाइज’.

आम्ही मूळचे नगरचे. आमच्या उपासनेत पेटी, तबला आणि फारच उत्साह आला तर खंजिरी. आई रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणत पोळ्या लाटायची आणि कडवं लांबलं तर पोळी करपायची. मी शाळेत असताना मिशनमधलं एक अमेरिकन जोडपं कायमचं मायदेशी निघालं. जाताना त्यांनी सामान वाटलं. कुणाला सायकल मिळाली, कुणाला लाकडी कपाट, आमच्या वाट्याला रेकॉर्डचं खोकं आलं. रेकॉर्ड प्लेअर मात्र त्यांनी दुसऱ्यांना दिला. तो ज्यांना मिळाला, त्यांचं आणि वडिलांचं मंडळीच्या निवडणुकीवरून बोलणं बंद होतं. त्यामुळे पुढे मामाने एचएमव्हीचा फिएस्टा आणेपर्यंत मी ते संगीत फक्त पाहिलं.

म्हणजे माझं पहिलं शिक्षण दाढ्यांचं. कीथ ग्रीनची दाढी, फिल केगीची दाढी, बॅरी मॅग्वायरची तर दाढीच आणि तिच्या मागे कुठेतरी बॅरी मॅग्वायर. बेलबॉटम, झाडावर टेकलेली गिटार, मावळतीचा सूर्य. आमच्या मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ कव्हर पाहून म्हणाले, “हे सगळे पश्चात्तापाच्या आधीचे फोटो असणार.” तसं नव्हतं. नंतरचेच होते.

कॅलिफोर्नियात साठच्या दशकाच्या अखेरीस हिप्पी पोरं येशूकडे वळू लागली. कोस्टा मेसाच्या कॅल्व्हरी चॅपलमध्ये चक स्मिथ या पाळकाने त्यांना अनवाणी, केसाळ अवस्थेत आत घेतलं, समुद्रावर नेऊन बाप्तिस्मे दिले आणि त्यांच्या गिटारीही चालवून घेतल्या. ‘मारानाथा’ नावाने त्यांच्या रेकॉर्ड निघू लागल्या. पुढे टेक्सासमधल्या वेको गावच्या ‘वर्ड’ कंपनीने या मंडळींसाठी ‘मर’ नावाचं लेबल काढलं. १९७६मध्ये ‘स्पॅरो’ आली आणि १९७८मध्ये या संगीताचं स्वतंत्र मासिक. माझा संग्रह या टप्प्यातला, ढोबळमानाने १९७५ ते १९८०. त्यापुढचा सिंथेसायझर मला सोसत नाही.

या गाण्यांवर अमेरिकेत जो वाद झाला, तो वाचून नगरच्या माणसाला हसू येतं. ड्रमचा ठेका सैतानाचा का, इलेक्ट्रिक गिटारवर देवाचं नाव घ्यावं का, यावर तिकडे प्रवचनं झाली. लॅरी नॉर्मन हा खांद्यापर्यंत पांढुरके केस सोडलेला गायक उलट विचारत होता की सगळ्या चांगल्या चाली सैतानाला का आंदण द्यायच्या? आमच्याकडे टिळकांनी अभंग आणि ओव्या ख्रिस्ताच्या पायाशी आणून ठेवल्याला तेव्हा साठ-सत्तर वर्षं होऊन गेली होती. आणि अमेरिकेतल्या काळ्या मंडळींच्या चर्चमध्ये तर ड्रम कधीचे वाजत होते. त्यांना कुणी विचारायला गेलं नाही इतकंच. आंद्रे क्राउचची १९७८ची ‘लाइव्ह इन लंडन’ ऐका. त्या रेकॉर्डवर कुणी वाद घालत बसलेलं नाही, सगळे घामाघूम आहेत. माझ्या कपाटातली ही सर्वांत जिवंत रेकॉर्ड, असं मी कुठल्याही संग्राहकासमोर म्हणायला तयार आहे.

बाकी सगळंच सोनं आहे असं नाही. निम्म्या रेकॉर्डमध्ये व्हायोलिनांचा पाक इतका घट्ट आहे की सुई वर उचलताना जड वाटते. काहींना मध्येच डिस्कोची लागण झाली आहे. पण ही माणसं मनापासून गात होती, आणि घाईत गात होती. घाई अशासाठी की जग संपत आलं होतं. हॅल लिंडसे यांचं ‘द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ’ १९७०मध्ये आलं आणि त्या दशकातलं अमेरिकेतलं सर्वाधिक खपाचं ललितेतर पुस्तक ठरलं. १९४८मध्ये इस्राएल स्थापन झालं, त्यात एका पिढीची चाळीसेक वर्षं मिळवा, म्हणजे प्रभूचं दुसरं आगमन १९८८च्या आसपास, असा हिशेब ते वाचून लोक मांडत होते. या गाण्यांत जिकडेतिकडे तयार राहा, वेळ थोडा आहे. आता, ज्याला दहा वर्षांत जग आवरायचं आहे, त्याने विनाइलवर रेकॉर्ड काढू नये. ते शेकडो वर्षं कुजत नाही.

घाई सगळ्यांनाच जमली असंही नाही. डॅनियल एमॉस या बँडने ‘हॉरेंडस डिस्क’ नावाची रेकॉर्ड १९७८मध्ये तयार केली, ती बाजारात आली १९८१मध्ये. तोवर बँडची शैली बदलून पुढची रेकॉर्डही तयार झाली होती आणि दोन्ही जवळजवळ एकदमच दुकानात आल्या. जग संपलं असतं तर पहिली राहूनच गेली असती.

फिल केगीचं प्रकरण वेगळं. लहानपणी पाण्याच्या पंपात त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलं, आणि उरलेल्या साडेनऊ बोटांवर तो त्या काळचा अव्वल गिटारवादक झाला. १९७८मध्ये त्याने ‘द मास्टर अँड द म्युझिशियन’ काढली. नुसतं वादन, गाण्याचे शब्द नाहीत. मी ती घरी लावली तेव्हा सासरे बसले होते. शांतपणे एक बाजू ऐकली, मग म्हणाले, “छान आहे. पण ही ख्रिस्ती आहे हे कशावरून?” मी म्हटलं, “वाजवणारा ख्रिस्ती आहे.” ते म्हणाले, “मग आपला हनुवंता वाजवतो तो बँडही ख्रिस्तीच की. लग्नात ‘मुंगळा’ वाजवतो.” मी दुसरी बाजू लावली.

नोकरीनिमित्त टेक्सासला गेलो आणि माझा तोल सुटला. तिथल्या गावोगावच्या थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, जुन्या टोस्टरच्या आणि एकेकट्या बुटांच्या मधोमध, या रेकॉर्डचे ढीग पडलेले असतात. भाव डॉलरच्या आगेमागे. घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं पहिल्यांदा हे खोकं बाहेर काढतात. माणूस वर आणि रेकॉर्ड दुकानात. मी गुडघ्यावर बसून एकेक कव्हर पुढे ढकलत जायचो. ख्रिसमस, ख्रिसमस, पुन्हा ख्रिसमस, कुणाच्या तरी चर्चचा मुलांचा गायनवृंद, आणि मग एकदम एमी ग्रँटची पहिली रेकॉर्ड, १९७७ची, मुलगी अजून शाळेत होती तेव्हाची. एका कव्हरवर कुठल्याशा चर्चच्या ग्रंथालयाचा शिक्का होता, आत खिशात कार्ड, त्यावर परत करायची तारीख. एकोणीसशे ऐंशीतली. बायकोने दंडाचा हिशेब सुरू केला तेव्हा मी तिला दुकानाबाहेर आईस्क्रीम खायला नेलं.

मुलांसाठी म्हणून ‘द म्युझिक मशीन’ घेतली, तीही १९७७ची. आत्म्याच्या फळांपैकी एकेका फळावर एकेक गाणं. सहनशीलतेच्या गाण्यात हर्बर्ट नावाची गोगलगाय आहे. तिची गोष्ट ऐकून घाईतल्या माणसाने जरा दम धरावा असा हेतू. आमच्या प्रतीवर नेमका तिथेच चरा होता. हर्बर्ट एका शब्दावर अडकायची आणि कुणीतरी उठून सुई ढकलेपर्यंत तोच शब्द म्हणत राहायची. आमची मुलगी म्हणे, “उठू नका ना बाबा, ती शिकवतेय.”

डिलनविषयी सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. ऑगस्ट १९७९मध्ये ‘स्लो ट्रेन कमिंग’ आली. बॉब डिलन, सगळ्या बंडखोरांचा आजोबा, ख्रिस्ती झाला. गिटारवर मार्क नॉफ्लर. दोघा निर्मात्यांपैकी एक जेरी वेक्सलर, स्वतःला उघड नास्तिक म्हणवणारे. नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफील्ड थिएटरमध्ये ओळीने चौदा कार्यक्रम झाले आणि त्यात डिलनने एकही जुनं गाणं म्हटलं नाही. तिकीट काढून आलेल्यांपैकी काहींनी हुर्यो केली. पुढे त्याच रेकॉर्डमधल्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. माझ्या डाव्या विचारांच्या मित्राला मी ही रेकॉर्ड ऐकवली. तो म्हणाला, आवाज उत्तम लागलाय, शब्द ऐकू येणार नाहीत असं काही करता येईल का? त्याला मी केगीची दिली.

क्लिफ रिचर्ड आपल्याकडे लोक ‘समर हॉलिडे’साठी लक्षात ठेवतात. लखनौचा जन्म, १९४०चा. त्याने १९७८मध्ये ‘स्मॉल कॉर्नर्स’ ही ख्रिस्ती रेकॉर्ड काढली आणि तीत लॅरी नॉर्मनची गाणी घेतली. गुळगुळीत दाढी केलेल्या माणसाने केसाळ माणसाची गाणी म्हटली की ती मंडळीत चालतात, हे यावरून सिद्ध झालं.

टेक्सासहून परत येताना सामानात कपडे कमी आणि लॅरी नॉर्मन जास्त होता. मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या साहेबांनी बॅग उघडायला लावली.

“काय आहे हे?”

“रेकॉर्ड. देवाची गाणी.”

“एवढी?”

त्यांनी वरचंच कव्हर उचललं. ‘ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट’, १९७२ची, माझ्या हद्दीबाहेरची, पण ती नसेल तर संग्रहाला अर्थ नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत जाऊन बसलेली रेकॉर्ड आहे. कव्हरवर लॅरी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये उभा. साहेबांनी ते जवळून पाहिलं.

“हा देवाची गाणी म्हणतो?”

“हो.”

“मग डोक्याला हात का लावलाय?”

मागून बायकोचा आवाज आला, “साहेब, याच्या रेकॉर्ड कोण विकत घेतंय ते कळलं असेल.” बॅग बंद झाली.

सगळ्यांत अवघड जागी मला पकडलं ते कीथ ग्रीनने. १९७७ आणि १९७८मध्ये त्याच्या पहिल्या दोन रेकॉर्ड धडाक्यात खपल्या. मग त्याला वाटू लागलं की सुवार्ता विकायची कशी? स्पॅरोशी असलेला करार त्याने सोडवून घेतला, घर गहाण टाकलं आणि १९८०मध्ये ‘सो यू वाना गो बॅक टू इजिप्ट’ स्वतःच काढली. किंमत : ज्याला जमेल तेवढी. काही जमत नसेल तर फुकट. १९८२च्या मेपर्यंत दोन लाखांवर प्रती गेल्या, त्यातल्या साठ हजारांहून अधिक फुकट. त्याच वर्षी २८ जुलैला टेक्सासमध्ये विमान कोसळून तो गेला, अठ्ठावीस वर्षांचा, दोन लहान मुलांसकट. रेकॉर्डचं शीर्षकगीत मात्र निखळ विनोदी आहे. मिसरातून सुटलेले इस्राएली लोक रानात रोज मान्नाच खाऊन कंटाळले आहेत आणि कीथ मान्नाच्या पाककृतींची यादी करतो. चातुर्मासात शेजारच्या काकू साबुदाण्याची खिचडी, साबुदाण्याचे वडे, साबुदाण्याचं थालीपीठ अशी नावं ज्या सुरात घेत, अगदी त्याच सुरात. या रेकॉर्डवर हार्मोनिका वाजवायला खुद्द डिलन आला होता.

माझ्याकडे हिची सुरेख प्रत आहे. प्लास्टिकच्या जाड कव्हरात, ऊर्ध्वपातित पाण्याने पुसलेली, उभी ठेवलेली. गेल्या महिन्यात आमच्या चर्चच्या तरुण संघातला ड्रम वाजवणारा मुलगा घरी आला. त्याने नवा टर्नटेबल घेतला आहे, जुन्या रेकॉर्ड शोधतो आहे. त्याने बरोब्बर हीच बाहेर काढली.

“अंकल, ही देणार?”

“विकायची नाही रे.”

“विकायची नव्हतीच ना ती,” तो मोबाइलमध्ये बघत म्हणाला. “इथे लिहिलंय, जमेल तेवढं द्या.”

मी त्याला टपालखर्च, चलनाचा दर आणि संग्राहकांच्या बाजारातले भाव समजावून सांगू लागलो. तो मान हलवत राहिला. मग टुण्णकन माझा फोन वाजला. पन्नास रुपये जमा.

“सध्या एवढंच जमतंय,” तो म्हणाला.

बायको चहा घेऊन आली. तिने त्याच्या हातातली रेकॉर्ड पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

“फुकट द्यायच्या आणखी कुठल्या कुठल्या आहेत रे, नीट बघ. मी पिशवी आणते.”