अण्णांचा चिमटा

आमच्या सासऱ्यांना निवृत्तीनंतर भजनीमंडळ, सकाळचं फिरणं किंवा शेअरबाजार यांपैकी एकही सभ्य नाद लागला नाही. त्यांना टाँग टेस्टर मिळाला. वायरमन मंडळी वायरीला चिमटा लावून करंट बघतात, ते हे यंत्र. मेव्हण्याने ते वाढदिवसाला भेट दिलं आणि तो शहाणा बंगळुरूला निघून गेला. अण्णा यंत्रासकट आमच्याकडे राहायला आले.

"जावईबापू, तुमचं बिल फार येतं," त्यांनी बूट काढता काढता निदान केलं. "चोर घरातलाच आहे. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॉट, भागलं की ओहम. सुटतो कुठे!"

पहिली संशयित इस्त्री. अण्णांनी तिच्या जाडजूड वायरीला चिमटा लावला. इस्त्री तापली, माझ्या शर्टाच्या कॉलरमधून वाफ निघाली, पण यंत्रावर शून्य. अण्णांनी इस्त्रीची निर्दोष मुक्तता केली. "ही वीज खातच नाही."

"मग तापते कशाने? तुमच्या धाकाने?" सासूबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या.

गोम अशी, की चिमटा मोजतो ते तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र. वायरीतल्या एका तारेतून जेवढा करंट जातो तेवढाच दुसरीतून परत येतो आणि दोघांची क्षेत्रं एकमेकांना खोडून काढतात. आमच्या सोसायटीच्या सभेत हेच होतं: दोन्ही बाजूंना जोर भरपूर, निष्पत्ती शून्य. शेवटी वायरमन आला, त्याने बोर्डातली एकच तार चिमट्यात धरून दाखवली. 4.3 अँपिअर. गुणिले 230, म्हणजे हजार वॉटला अकरा कमी. 230 भागिले 4.3, म्हणजे साडेत्रेपन्न ओहम. इस्त्रीला पुन्हा अटक झाली. वायरमन चहा पिऊन गेला. जाताना त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिची नोंद कुठल्याच मीटरवर होत नाही.

पुढे माळ्यावरचा शंभर वॉटचा पिवळा बल्ब सापडला. अण्णांनी यंत्र ओहमवर लावून त्याचा रोध मोजला: 40. आता 230 चा वर्ग 52,900, भागिले 40. "तेराशे बावीस वॉट! आणि वर छापलंय शंभर! आयुष्यभर फसवलं की हो आपल्याला!" तक्रारअर्जाचा मसुदाही झाला, 'महोदय' या संबोधनासह. गुणाकार, भागाकार, वर्ग सगळं अचूक. फक्त बल्ब गार होता. आतली टंगस्टनची तार पांढरी होईस्तोवर तापते तेव्हा तिचा रोध दहा-पंधरा पटींनी चढतो. पेटलेल्या बल्बचा रोध 529 ओहम, आणि वॉट निमूटपणे शंभर. जुने बल्ब बहुधा बटण दाबल्या दाबल्याच का उडायचे, तेही यातच आलं. गार तारेतून पहिल्या क्षणी करंटचा लोंढा येतो. हे ऐकून अण्णांनी मसुद्याची घडी करून खिशात ठेवली. फाडला मात्र नाही.

खुद्द ओहमसाहेबांनाही सुखाने मोजता आलं नव्हतं. कुलपं करणाऱ्या कारागिराचा हा मुलगा कोलोनच्या शाळेत शिकवता शिकवता प्रयोग करायचा. त्या काळच्या बॅटरीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, सारखा ढळे, म्हणून त्याने दोन धातूंच्या सांध्यांपैकी एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवून स्थिर दाब मिळवला. 1827 मध्ये दाब, करंट आणि रोध यांचा नियम मांडणारं पुस्तक काढलं, तर जर्मनीत फारसं कोणी मनावर घेतलं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने पदक दिलं ते 1841 मध्ये. त्याच्याही आधी इंग्लंडात हेन्री कॅव्हेंडिश हाच नियम शोधून गप्प बसला होता. करंट मोजायचं यंत्र नव्हतं, म्हणून तो स्वतःच्या अंगाला झटके घेऊन कमीजास्त ठरवायचा. अण्णांना मी ओहमचं सगळं सांगितलं. कॅव्हेंडिशचं नाव काढलं नाही.

आमच्या भागात सकाळी सगळे एकदम आंघोळीला निघतात आणि व्होल्टेज 180 वर येतं. अण्णा खांद्यावर टॉवेल टाकून गीझरचा हिशेब घेऊन बसले. दोन हजार वॉटचा गीझर, रोध साधारण 26.45 ओहम. 180 चा वर्ग भागिले 26.45, बरोबर 1,225 वॉट. दाब पाव हिश्शानेही उतरला नाही, पण त्याबरोबर करंटही उतरला, म्हणून ताकद चाळीस टक्क्यांच्या आसपास घटली. अण्णांचा चेहरा उजळला.

"जावईबापू, वॉट कमी, म्हणजे बिल कमी! रोज 180 लाच आंघोळ करायची!"

मी कागद घेऊन सांगू लागलो, की पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून पन्नासवर न्यायला सोळा मिनिटांऐवजी सव्वीस लागतील, युनिट मात्र दोन्हीकडे साधारण अर्धंच...

"अहो, पाणी तेवढंच तापवायचं ना? मग वीजही तेवढीच लागणार. उशीर तेवढा पदरात," सासूबाई ओल्या केसांना पंचा गुंडाळत म्हणाल्या. "मी आपलं गॅसवर ठेवलं होतं. उठा आता, पोहे गार होतायत."