गणपतीच्या सावलीतला सेन्सर

हुबळी ते धारवाड जेमतेम वीस किलोमीटर. एप्रिलच्या दुपारी तेवढ्यात काका ‘ऑटो’ एसीला शिस्त लावतात: आधी १८, नवलूर येईपर्यंत २६. बिचाऱ्या यंत्रणेला आतली हवा मोजणारा एक सेन्सर, बंपरपाशी बाहेरची मोजणारा दुसरा, डॅशबोर्डवर ऊन जोखणारा तिसरा. त्यांचे ऐकून ती पंख्याचा वेग ठरवते आणि गार हवेत इंजिनाच्या उष्णतेवर तापलेली हवा किती मिसळायची तेही. गाडी तापलेली असली की २४ लावले तरी ती जीव तोडूनच गार करते. १८ केल्याने घाई होत नाही. पण काकांना सांगणार कोण? शिवाय तिसऱ्या सेन्सरवर त्यांनी श्रद्धेने गणपती बसवलाय, शेजारी पेढ्यांचा पुडा. सेन्सरच्या हिशेबी बाहेर बारमाही ढगाळ. मग उकडते, काचा खाली येतात आणि वातानुकूलित ‘चिगरी’ बस शेजारून ऐटीत निघून जाते.

आता काकांना डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळे तापमान देणारी गाडी हवी आहे. काकू म्हणतात, ‘‘घ्या की! पण सीमा कुठं आखायची ते आधी ठरवा. १९५६ पासूनची एक अजून ठरायची आहे.’’