रनिंग फूट साहेबांना अकोल्याच्या जठारपेठेतून

प्रति,
श्रीयुत रनिंग फूट,
मु. पो. मॉड्यूलर किचनचं कुठलंही दुकान.



आपली-आमची ओळख तशी नवीच. आजवर आमच्या घरात फूट एक तर पट्टीवरची, नाहीतर भावकीतली. यंदा तुरीचे पैसे हाती आले, स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं, दुकानाची पायरी चढलो आणि ‘अंदाजे किती जातील हो?’ एवढं विचारताच दुकानातल्या मुलाने आपल्याला पुढे केलं. “मॅडम, रनिंग फुटाला अमुक.” विषय संपला.

काय आपला दरारा! प्लाय कोणता, बिजागरी कोणती, ड्रॉवर किती, घरात माणसं किती, कसलीही विचारपूस न करता आपण भिंत मोजता आणि गुणाकार करता. डॉक्टरने पेशंटची उंची मोजून बिल करावं, तसा हा सरळ व्यवहार आहे. एवढी सोपी गोष्ट आमच्या डोक्यात इतकी वर्षं कशी शिरली नाही, याचं नवल वाटतं.

आपल्या गणितावर तर आम्ही फिदा आहोत. आमचा ओटा एल आकाराचा. एक भिंत दहा फूट, दुसरी आठ. बेरीज अठरा. इथवर आम्हालाही येतं. पण ओटा दोन फूट खोल असतो, त्यामुळे कोपऱ्यातला दोन बाय दोनचा चौकोन या भिंतीतही आला आणि त्याही भिंतीत आला. पेट्या लागणार सोळा फुटांच्या, पैसे अठरांचे. बरं, त्या कोपऱ्यात हात पोचत नाही. मग हात पोचावा म्हणून ‘मॅजिक कॉर्नर’ नावाची फिरती जाळी घ्यायची, तिचे पैसे वेगळे. एकाच कोपऱ्याचे तीनदा पैसे घेणारा घरमालक अख्ख्या अकोल्यात सापडणार नाही. त्या मुलाला विचारलं तर म्हणाला, “मॅडम, सॉफ्टवेअरच तसं मोजते.” सॉफ्टवेअरपुढे आपण काय बोलणार!

आपल्यात काय काय येतं, हे कळायला आम्हाला जरा उशीर लागला. काय येत नाही, ते मात्र भराभर कळत गेलं. शटर येतं, त्याची मूठ येत नाही. पेटी येते, बाजूने दिसणारा पॅनल येत नाही. खालची स्कर्टिंग, भिंत आणि पेटी यांच्या फटीतली फिलर पट्टी, वरचा लॉफ्ट, चिमणीसाठी भिंतीला पाडायचं भोक, सिंकसाठी ग्रॅनाइट कापणं, त्याच्या कडेची गोलाई, सगळं वेगळं. जुना ओटा तोडणं आणि मलबा उचलणं तर आपल्या गावीही नाही. सगळ्यात शेवटी १८ टक्के जीएसटी. त्याचा उल्लेख कोटेशनच्या तळाशी इतक्या नम्र अक्षरात असतो, की आमच्या ह्यांना चष्मा काढून कागद नाकाशी न्यावा लागला.

आता प्लायविषयी. आपण प्लायबद्दल मौन पाळता, म्हणून आम्हीच थोडी चौकशी केली. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. त्याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून पाहतात, तरी थर सुटायला नको. (आमच्या घरी तुरीची डाळदेखील एवढी शिजवत नाहीत.) आयएस ३०३ हा त्याखालचा. त्यातही बीडब्ल्यूआर पाणी सोसतो, एमआर नुसती दमट हवा सोसतो. शिक्क्यावरचा लायसन्स नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकला की खरं-खोटं कळतं. दुकानात मात्र सगळ्यांना एकच विशेषण: ‘वॉटरप्रूफ’. तिथूनच पार्टिकल बोर्डाचा एक नमुना मागून आणला आणि रात्री बादलीत टाकला. सकाळी कडा दीडपट फुगलेली, आणि बोटाने ओरखडलं की भुसा हातात येत होता. हाच बोर्ड सिंकखाली लावायचा सल्ला आम्हाला मिळाला होता, कारण ‘आतलं कोण पाहते?’

ड्रॉवरमधल्या स्टीलच्या जाळ्यांचंही तेच. मुलाने मोठ्या थाटात लोहचुंबक लावून दाखवला: “पाहा, चिकटत नाही, अस्सल ३०४.” चुंबक ३०४ ला चिकटत नाही हे खरं, पण स्वस्तातल्या २०२ लाही तो सहसा चिकटत नाही. फरक दिसतो तो मीठ-पाण्याशी संसार झाल्यावर, म्हणजे आपलं बिल चुकतं झाल्यावर.

साहेब, आपण कधी जठारपेठेत येऊन एखादं स्वयंपाकघर आतून पाहिलंय का? कॅटलॉगातल्या फोटोत ओट्यावर दोन लिंबं आणि एक कुंडी असते. आमच्याकडे आधी पाणी येतं. महानच्या धरणातून येणारं, नळाला काही दिवसांआड, म्हणून सगळं भरून ठेवायचं. गुंड, कळशा, माठ, पिंप. यांच्यासाठी आपल्या नकाशात एक इंच जागा नाही. मग वर्षाचा गहू. त्याची पत्र्याची कोठी. मग तेलाचा पंधरा किलोचा पिपा, चौदा इंच उंच. आपल्या वरच्या कपाटाची खोली बारा इंच आणि दोन फळ्यांतलं अंतरही जवळपास तेवढंच. उन्हाळ्यात घातलेल्या मुंगवड्या, कुरडया, सरगुंडे यांचे डबे. रोडग्यांची मोठी परात. या मंडळींना ‘टॉल युनिट’मध्ये बसवायला सांगितलं तर ती गच्चीवर जाऊन बसतील.

आणि ऊन. २०२४ च्या मे महिन्यात उन्हापायी आमच्या जिल्ह्यात कलम १४४ लागलं होतं. अशा गावात आपण काय सुचवलंत? पूर्वेची खिडकी बुजवून तिथे वरची कपाटं. म्हणजे वारा बंद आणि फुटं तीन जादा. खिडकीचे पैसे मिळत नाहीत, कपाटाचे मिळतात, हे आम्हाला समजतं. पण गॅसपुढे उभं आम्हाला राहायचं आहे.

आपल्याच घराण्यातली एक गोष्ट सांगते. आज ज्याला फिटेड किचन म्हणतात, त्याची आद्य मूर्ती १९२६ ची, जर्मनीतल्या फ्रँकफुर्टची. आराखडा केला मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या बाईंनी, कामगारांच्या नव्या वसाहतींसाठी, आणि तशी दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरं बांधली गेली. खोली जेमतेम १.९ बाय ३.४ मीटर. त्यात साखर-तांदळासाठी नावं कोरलेले ॲल्युमिनियमचे खण. पिठाचा खण ओकच्या लाकडाचा, अळ्या होऊ नयेत म्हणून. बाईंनी तोवर कधी घर चालवलं नव्हतं, हे पुढे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. तरी त्यांनी भिंत मोजली नाही. स्वयंपाक करणारीची पावलं मोजली, कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते मोजलं, पिठात काय होतं ते विचारलं. शंभर वर्षांत प्रगती होऊन आपण जन्मलात.

आमच्या सुतार मिस्त्रींनी फ्रँकफुर्ट पाहिलेलं नाही. ते आले, पाणी प्याले आणि म्हणाले, “काकू, कपाट भिंतीचं नसते जी, डब्यायचं असते. पयले डबे मोजून घ्या.” मग त्यांनी परतवाड्याच्या सागाचं आमचं जुनं कपाट ठोकून पाहिलं. दुकानवाला ते ‘फुकटात उचलून नेतो’ म्हणाला होता, तेव्हाच आम्हाला संशय यायला हवा होता. त्याच्या फळ्यांतून वरची उघडी मांडणी होते, खिडकीला हात न लावता.

तेव्हा आमचं बजेट असं ठरलं आहे. आधी फोडतोड, नळ आणि विजेचे पॉइंट, कारण भिंत उघडल्यावर आत काय निघेल ते तीच जाणे. त्यासाठी एकूण रकमेचा दहावा हिस्सा बाजूला काढून ठेवला आहे. सिंक आणि गॅस यांच्याखाली ७१०. बाकीकडे ३०३, पण बीडब्ल्यूआर. ड्रॉवर तीनच, पण चॅनल दणकट, कारण वऱ्हाडातला डबा हलका नसतो. कोठीला ओट्याच्या टोकाशी मोकळी जागा, पिंपालाही. लॉफ्ट पुढच्या तुरीवर. आणि निम्मे आगाऊ देऊ, पण शेवटचे दहा टक्के फिलर पट्टी लागेपर्यंत आमच्या कपाटातच राहतील.

आपल्या नव्या कोटेशनची वाट पाहते. त्यात प्रत्येक पेटी वेगळी लिहा, प्लायचा शिक्का लिहा, आणि लांबी सोळा लिहा.

आपली,
सातव चौकाजवळची एक काकू

ता. क. : मॅजिक कॉर्नरमध्ये काय ठेवतात, असं सासूबाईंनी विचारलं. मुलगा म्हणाला, “जे रोज लागत नाही ते.” त्या म्हणाल्या, “मंग कोठीचं झाकन का वाईट हाये?”